मालशेज चढताना पिकअप मरतो, तर ईसीयू बदलावा का?

प्रश्न : माझ्याकडे 2005 ची पेट्रोल एस्टीम आहे. नंतर तिला सीएनजी किट बसवलं. किन्हवलीमार्गे शहापूरला रोजचं जाणंयेणं असतं, तिथे काही तक्रार नाही. पण टोकावडे मागे टाकून मालशेज चढायला लागलं की पिकअप मरतो. एक मित्र म्हणतो पिगीबॅक लाव, दुसरा म्हणतो मूळ ईसीयू काढून स्टँडअलोनच टाक. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सरळगाव (ता. मुरबाड)

उत्तर : आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका. तुमचं किट सिक्वेन्शियल असेल, तर तुमच्या गाडीत एक पिगीबॅक आधीच बसलेला आहे. गाडी गॅसवर असतानाही पेट्रोलचं इंजेक्टर किती वेळ उघडायचं याचा हिशेब मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा मेंदूच, करत असतो. किटचा छोटा कॉम्प्युटर तो इशारा मधेच अडवतो, त्यात स्वतःची दुरुस्ती करतो आणि गॅसची इंजेक्टरं उघडतो. पेट्रोलची इंजेक्टरं बंद असल्याचं मूळ ईसीयूला कळू नये, म्हणून त्याच्यापुढे खोटा भारही ठेवतो. मूळ मेंदू जागेवर ठेवून त्याच्या आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या निरोपात फेरफार करायचा, हेच पिगीबॅकचं काम. ट्यूनिंगवाले विकतात ती पेटीही असंच करते. डिझेल गाडीत ती रेलमधला दाब प्रत्यक्षापेक्षा कमी सांगते, मग ईसीयू तो वाढवतो.

आता पिकअपचं. गॅस वायुरूपातच मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि हवेची जागा अडवतो. त्यामुळे त्याच इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी भरते. शिवाय गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडायला हवी, पण ईसीयूच्या मूळ मॅपमधली, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यातली, वेळ पेट्रोलसाठी ठरवलेली असते. त्यात मालशेजचा माथा सुमारे 700 मीटर उंचीवर. दर शंभर मीटरला हवा जवळजवळ एक टक्का विरळ होते, म्हणजे माथ्यावर आणखी सातेक टक्के गेले. सपाटीच्या शहापूर रस्त्यावर ही तूट जाणवत नाही, दुसऱ्या गिअरमध्ये भरल्या गाडीनं चढताना जाणवते. सिलिंडरमध्ये न आलेली हवा कोणतीही पेटी आणून देऊ शकत नाही.

पहिल्या मित्राचं ऐकून पेट्रोलच्या बाजूला पिगीबॅक लावलात, तर तो दाबाच्या सेन्सरचा आकडा बदलून इंधन वाढवेल. पण बेताच्या वेगात ईसीयू सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरवर नजर ठेवून असतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग हे प्रमाण बिघडलं की तो ते पुन्हा जागेवर आणतो आणि तुमचा बदल पुसून टाकतो. पूर्ण थ्रॉटलला, जिथे तो त्या सेन्सरचं ऐकत नाही, तिथेच पिगीबॅकला वाव मिळतो. आणि एका फेरफारावर दुसरा फेरफार चढवला, की गाडी मिसिंग करू लागल्यावर दोष कुठे आहे हे कुठल्याच मेकॅनिकला सापडणार नाही.

स्टँडअलोनबद्दल, म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी बसणाऱ्या स्वतंत्र ईसीयूबद्दल, मला मनापासून आदर आहे. 2001 च्या सुमारास आलेल्या मेगास्क्वर्टनं तो हौशी माणसाच्या आवाक्यात आणला, पुढे अर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो आला. हॉलटेक, लिंक, मोटेक ही महागडी मंडळी आहेतच. रॅलीच्या गाडीसाठी कॅमशाफ्ट, पिस्टन, थ्रॉटल बॉडी बदलली, तर मूळ मॅप निरुपयोगी होतो आणि तिथे स्टँडअलोनला पर्याय उरत नाही. आपल्याकडच्या रॅलींमध्ये एस्टीम किती वर्षं धावल्या हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण मूळ ईसीयू काढला की थंड इंजिन सकाळी कसं सुरू व्हावं, एसी लावल्यावर आयडलिंग किती ठेवावं, पंखा कधी फिरावा, हे सगळं तुम्हाला शून्यापासून भरावं लागतं. त्यासाठी डायनो, वाइडबँड सेन्सर आणि जाणता ट्यूनर हवा.

आपल्या भागापुरती एक गोष्ट आवर्जून सांगतो. मोठा कॅम बसवला की मॅनिफोल्डचा दाब थरथरतो, म्हणून ट्यूनर बऱ्याचदा फक्त थ्रॉटलच्या कोनावर इंधन ठरवतात. हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर लावला नसेल, तर अशा गाडीला आपण घाटावर आलो हे कळतच नाही. मुंबईत डायनोवर सुरेख वाजलेलं इंजिन मालशेजला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिऊन घुसमटतं. पावसाळ्यात घाटात ते बंद पडलं, तर ट्यूनर तिथे येणार आहे का, हे पैसे देण्याआधी त्याला विचारा.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. मान्य नसलेल्या प्रत्येक बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किटला परवानगी असते, पण आरसीवर तशी नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी व्हायला हवी.

मग करायचं काय? आधी कॉम्प्रेशन तपासा. गॅसवर बरीच चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजतात. प्लग, प्लगच्या वायरी, हवेचा आणि गॅसचा फिल्टर पाहा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगचं अंतर पेट्रोलपेक्षा थोडं कमी ठेवतात. मग किटवाल्याला लॅपटॉप घेऊन गाडीत बसवा आणि उभ्या गाडीत नव्हे, तर चढावर कॅलिब्रेशन करायला सांगा. त्याच आरपीएमला, त्याच भाराला पेट्रोलवर आणि गॅसवर मूळ ईसीयूनं काढलेला इंजेक्शनचा वेळ सारखा दिसला पाहिजे. ठिणगी आधी पाडणारा टायमिंग अॅडव्हान्स प्रोसेसर बसवलेला नसेल, तर तुमच्या किटवर तो चालेल का, हेही त्यालाच विचारा. एवढं झाल्यावरही टोकावड्यापुढे जीव कमीच वाटला, तर घाट सुरू होण्याआधी स्विच पेट्रोलवर टाका.