लागोसची नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मी वाळूजच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. नायजेरियातल्या लागोसहून दुप्पट पगाराची नोकरी चालून आली आहे. आई म्हणते, तिथे नुसते जंगल आणि रोगराई. मुलगी तिसरीत आहे. जावे का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आईंची काळजी समजते, पण लागोस म्हणजे जंगल नव्हे, कोटीहून अधिक वस्तीचे बंदर आहे. रस्त्यावर बजाजची बॉक्सर मोटरसायकल दिसली की वाळूजचा बजाज कारखानाच आठवेल! कारभार इंग्रजीत चालतो, डाळ-तांदूळ मिळतात, भारतीय शाळाही आहे.

खरी अडचण चलनाची. २०२३च्या जूनपूर्वी डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. वर्षभरात हा आकडा १,४०० च्या पुढे गेला. नायरात पगार घेणाऱ्यांची बचत विरघळली. म्हणून पगाराचा मोठा भाग डॉलरमध्ये मिळेल, हे करारातच लिहून घ्या. घर, जनरेटरचे डिझेल, ड्रायव्हर, गावी येण्याचे तिकीट हेसुद्धा. वीज वारंवार जाते. रात्री एकट्याने फिरू नका.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. या लसीचे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळे कार्ड नसेल, तर भारतात परतताना अलगीकरणात ठेवतात. मलेरिया जिवावर बेतू शकतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. सुट्टीत इथे ताप आला, तरी डॉक्टरांना आधी लागोसचे नाव सांगा.

माझे मत : जरूर जा, पण पहिले सहा महिने एकटे. घर-शाळा बघूनच मुलीला न्या.