थेरीगाथेतील माता : मनःपूर्वक प्रेम आणि सोडून देण्याचा अभ्यास

पालि तिपिटकातील सुत्तपिटकाचे पाच निकाय आहेत. त्यांपैकी खुद्दक निकायात ‘थेरीगाथा’ हा ग्रंथ समाविष्ट आहे. बुद्धकाळातील भिक्षुणींच्या नावे असलेल्या ७३ रचना आणि पाचशेहून अधिक गाथा त्यात आहेत. रचनांचा क्रम गाथांच्या संख्येवरून लावलेला आहे. एका गाथेच्या रचना प्रारंभी आणि सर्वांत दीर्घ रचना अखेरीस येते. कित्येक शतके मुखोद्गत परंपरेने जतन झालेला हा संग्रह जगातील स्त्रियांच्या अतिप्राचीन काव्यसंग्रहांत गणला जातो. पालि टेक्स्ट सोसायटीने तो १८८३ मध्ये रोमन लिपीत प्रसिद्ध केला. मराठी वाचकांना या थेरींच्या कथांचा परिचय करून देणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी यांचे ऋण मोठे आहे.

या ग्रंथात राण्या आहेत, गणिका आहेत, मुसळ-उखळाच्या कष्टांतून सुटलेल्या गृहिणी आहेत. आम्ही या लेखापुरती निवड केली आहे ती अपत्य गमावलेल्या मातांची. त्यामागे कारण आहे. धम्माविषयी दोन गैरसमज आम्हांस वारंवार आढळतात. पहिला बाहेरच्यांचा : बुद्धाने प्रेम करू नका असे शिकविले. दुसरा आपल्याच घरातला : पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ज्या मातेचा मुलगा गेला तिच्यासमोर उभे राहून वक्ता ‘सर्व अनित्य आहे, रडू नये’ असे सांगतो आणि खाली बसतो. ती माता मान हलविते, पण तिच्या पदरात काहीच पडलेले नसते. थेरीगाथा या दोन्ही गैरसमजांना उत्तर देते, असे आमचे मत आहे.

अभ्यास करताना एक पथ्य पाळावयास हवे. मूळ गाथा वेगळ्या आणि त्यांवरील अट्ठकथा वेगळी. थेरींच्या ज्या जीवनकथा आपण व्याख्यानांतून ऐकतो त्यांतील बराचसा भाग आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेत येतो आणि ती बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिली गेली. कथा त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. परंतु कोणती गोष्ट कोठे आहे, हे ठाऊक असले म्हणजे दोन्हींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

उब्बिरी : नाव घेऊन रडणारी माता

उब्बिरीची रचना अवघ्या तीन गाथांची आहे. तिची जीवा नावाची मुलगी वारली. माता स्मशानात जाऊन मुलीला नावाने हाका मारीत रडत असे. तिथे तिला जो प्रश्न विचारला जातो तो विलक्षण आहे. ‘का रडतेस?’ असे तिला कोणी विचारीत नाही. याच स्मशानात जीवा याच नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुलींचे दहन झाले आहे, त्यांपैकी तू कोणासाठी शोक करतेस, असे तिला विचारले जाते.

वरवर पाहता हा प्रश्न कठोर वाटतो. पण नीट पाहावे. या प्रश्नात तिच्या मुलीचे नाव पुसलेले नाही. उलट ते नाव चौऱ्याऐंशी हजार वेळा उच्चारले गेले आहे. प्रत्येक नावामागे एक माता आली, तिचा हंबरडा आला. आपले दुःख एकट्याचे आहे, हा शोकातील सर्वांत दाहक भाग असतो. तो भाग या प्रश्नाने निघून जातो. उब्बिरी नंतर हृदयात रुतलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बाणाची प्रतिमा वापरते आणि तो उपटून काढला गेल्याचे सांगते. येथे काढला गेला तो बाण. हृदय होते तिथेच राहिले. आमच्या मते या रचनेचा मथितार्थ या भेदात आहे.

किसा गोतमी : दारोदारचे औषध

मोहरीच्या दाण्याची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. ती अट्ठकथेतील आहे. किसा गोतमीच्या अकरा गाथांत ती येत नाही. मृत बालक कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या तरुण मातेला तथागत सांगतात, ज्या घरात कधी कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरात मिळते, पण अट कोणत्याच घरात पुरी होत नाही.

ही कथा शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो : तथागतांनी तिला अनित्यतेवर प्रवचन लगेच का दिले नाही? मुले विचार करून उत्तर देतात की तिने ते ऐकलेच नसते. उत्तर बरोबर आहे. त्यात आम्ही थोडी भर घालतो. ती ज्या ज्या उंबरठ्यावर गेली तिथे तिला कोणाचा तरी मुलगा, कोणाचा पती, कोणाची आई गेल्याचे ऐकावे लागले. तिला बोलू देण्यात आले आणि दुसऱ्याचेही ऐकण्याची संधी मिळाली. दाणा मिळाला नाही, पण ती फेरी हेच औषध ठरले. मुलाला खाली ठेवण्याचा निर्णय तिने स्वतः घेतला. कोणी तिच्या कडेवरून तो हिसकावून घेतला नाही.

तिच्या स्वतःच्या गाथांचा प्रारंभ कल्याणमित्रांच्या स्तुतीने होतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या स्त्रीने सर्व गमावले ती सर्वांत आधी चांगल्या सोबतीविषयी बोलते. सोडून देणे ही एकट्याने करावयाची साधना आहे, असे समजणाऱ्यांनी या प्रारंभाचे मनन करावे.

पटाचारा : पाणी, दिवा आणि अध्यापन

पटाचारेची कथा सर्वांत भीषण आहे. अट्ठकथेनुसार श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरच्या सेवकाबरोबर निघून गेली. पुढे एकाच प्रवासात पती सर्पदंशाने गेला, नवजात अर्भक पक्ष्याने उचलले, मोठा मुलगा नदीत वाहून गेला आणि वादळात घर कोसळून आईवडील व भाऊ मरण पावल्याची वार्ता तिला वाटेत कळली.

आता मूळ गाथा पाहाव्यात. पटाचारेच्या नावावरील पाच गाथांत यातील एकही प्रसंग नाही. त्या बोलतात शेतकऱ्याच्या नांगराविषयी आणि पेरणीविषयी. पाय धुताना उंचावरून सखल भागाकडे वाहत जाणाऱ्या पाण्याविषयी. मग रात्री कोठडीत दिवा नेणे, मंचकावर बसणे, सुईने वात खाली ओढणे आणि दिवा शांत होणे. चित्ताच्या मुक्तीची तुलना तिने याच क्षणाशी केली आहे. जिच्या दोन मुलांपैकी एक पाण्यानेच नेले, ती येथे पाण्याकडे शांतपणे पाहते आहे, असे अट्ठकथा जाणणाऱ्या वाचकास वाटल्यावाचून राहत नाही.

पण पटाचारा तिथे थांबत नाही. त्याच ग्रंथात आणखी एक रचना आहे. तीत अपत्यशोकाने पोळलेल्या अनेक स्त्रिया पटाचारेकडे येतात. ती त्यांना समजाविते की मूल कोणत्या वाटेने आले हे तुम्हांस ठाऊक नव्हते, कोणत्या वाटेने गेले हेही ठाऊक नाही. ते आपल्या मार्गाने आले आणि आपल्या मार्गाने गेले. हेच शब्द एखाद्या परक्याने उच्चारले असते तर ते निष्ठुर वाटले असते. ते दोन मुले गमावलेल्या मातेच्या मुखातून आले आहेत, म्हणून ते पोहोचतात. उब्बिरीच्या रचनेतील बाणाची प्रतिमा या स्त्रियांच्या मुखीही पुन्हा येते. विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत बुद्धाने पटाचारेला अग्रस्थान दिले होते. शोकाने जिची शुद्ध हरपली होती ती शिक्षिका झाली.

प्रेम दुःखाचे कारण आहे काय?

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. मज्झिम निकायातील पियजातिक सुत्तात, एकुलता एक मुलगा गमावलेल्या गृहस्थाला तथागत सांगतात की शोक प्रियजनांपासून उत्पन्न होतो. गृहस्थास हे पटत नाही. प्रियजन तर आनंद देतात, असे म्हणून तो उठून जातो. ही चर्चा राजवाड्यापर्यंत पोहोचते. राजा प्रसेनजितालाही ते वचन रुचत नाही. तेव्हा राणी मल्लिका त्याला विचारते की कन्या वजिरी तुम्हांस प्रिय आहे ना, तिला काही झाले तर तुम्हांस दुःख होईल ना? राजाला उमज पडते.

मल्लिकेने काय केले नाही, हे येथे पाहण्यासारखे आहे. वजिरीवर प्रेम करू नका, असे ती म्हणत नाही. तथागतांचे वचन हे वैद्याचे निदान आहे. ताप कशाने आला, हे वैद्य सांगतो. म्हणून अन्न सोडा असे तो सांगत नाही. सुत्तनिपातातील मेत्तसुत्तात तर मैत्रीचे परिमाण म्हणून, एकुलत्या एका पुत्राचे प्राणपणाने रक्षण करणारी माताच पुढे केली आहे. मातेचे प्रेम कमी करण्यास सांगितलेले नाही. ते सर्व जीवांपर्यंत वाढविण्यास सांगितले आहे.

मातेचे चार पुत्र

प्रेम आणि सोडून देणे यांची सांगड आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकातील ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात एका साध्या दृष्टांताने घातली आहे. एका मातेला चार पुत्र आहेत. एक तान्हा, एक आजारी, एक भर तारुण्यातला आणि एक आपल्या कामधंद्यात गुंतलेला. तान्हा वाढावा असे तिला वाटते, ही मैत्री. आजारी बरा व्हावा असे वाटते, ही करुणा. तरुणाचे यौवनसुख टिकावे असे वाटते, ही मुदिता. आणि जो आपले काम करू लागला त्याच्याविषयी ती निश्चिंत असते, ही उपेक्खा.

मराठीत ‘उपेक्षा’ या शब्दाचा अर्थ दुर्लक्ष असा झाल्याने फार घोटाळा झाला आहे. चौथ्या पुत्राविषयी ती माता उदासीन झालेली नाही. तिने फक्त त्याच्या पाठीमागे धावणे थांबविले आहे. बुद्धघोष प्रत्येक भावनेचा जवळचा शत्रूही सांगतात, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा पण तिला मारणारा. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती आणि उपेक्खेचा जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी. पुण्यानुमोदनातील तो कोरडा उपदेश बहुधा या दुसऱ्या शत्रूच्या तोंडून येत असतो.

बाबासाहेबांचा शोक

परमपूज्य बाबासाहेबांना हा विषय ग्रंथांतून शिकावा लागला नाही. राजरत्न हा त्यांचा धाकटा मुलगा जुलै १९२६ मध्ये गेला. १६ ऑगस्ट १९२६ रोजी मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला शोक लपविला नाही. चार लेकरांना माती दिल्याचे दुःख त्यात उघडपणे आले आहे. राजरत्न गेल्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. शोक संपला म्हणून ते तिथे गेले, असे म्हणण्यास आधार नाही. शोक असतानाही ते गेले, एवढे इतिहास सांगतो.

माता रमाई २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. सोडून देणे म्हणजे विसरणे नव्हे, याला याहून मोठा दाखला कोणता हवा? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांचे वर्णन दुःखितांचे सांत्वन करणारे असे करताना त्यांनी किसा गोतमीची कथा घेतली. करुणा मानवापुरती आणि मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत, हा भेदही त्यांनी त्याच ग्रंथात मांडला आहे.

निवासी शाळेच्या फाटकाशी

आमच्यासारख्या निवासी शाळेत हा पाठ पुस्तकात राहत नाही. दर जून महिन्यात पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची वळकटी घेऊन आईबाप येतात. पाचवीतले पोर आईचा पदर सोडत नाही. कित्येकदा आईच पोराचा हात सोडत नाही. त्या माउलीस प्रेम कमी पडले म्हणून ती मूल सोडून जात नाही. ज्या पिढ्यांना शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांची ती लेक आहे; मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून ती रिकाम्या हातांनी एस. टी. त बसते. आम्ही तिला थेरीगाथेच्या मातांहून वेगळी मानीत नाही.

शिक्षकांनाही हा अभ्यास चुकत नाही. पाच-सहा वर्षे ज्याचा ताप पाहिला, ज्याची शुद्धलेखने तपासली, तो दहावीनंतर पेटी उचलून निघून जातो. तान्ह्याचा आजारी, आजाऱ्याचा तरुण आणि तरुणाचा कर्ता पुत्र होताना पाहणे हे आमचे काम. तो परत भेटावयास यावा, अशी अपेक्षा आम्ही ठेवीत नाही. आला तर आनंद होतो.

माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती आहे. थेरीगाथेचे मराठी भाषांतर घरी आणावे आणि वर्षावासाच्या ग्रंथवाचनात उब्बिरी, किसा गोतमी व पटाचारा यांच्या रचना क्रमाने वाचाव्यात. वाचनानंतर ज्यांच्या घरी दुःख घडले आहे त्यांना बोलू द्यावे आणि इतरांनी ऐकावे. ‘अनित्य’ हा शब्द त्या मातेने स्वतः उच्चारीपर्यंत कोणी घाई करू नये. तोवर तिच्याजवळ बसावे, तिच्या लेकराचे नाव विचारावे आणि त्याच्याविषयी ती जे सांगेल ते ऐकावे.

नमो बुद्धाय! जय भीम!