चिमुकले कारागीर

(लहान मुले हातांनी काम करता करता कशी शिकतात, हे या पाठात सांगितले आहे.)

पुण्यातील कर्वेनगर हा भाग म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली येथे एका साध्या झोपडीत विधवा स्त्रियांचा आश्रम आणला. आज कर्वे यांच्या संस्थेची मुलींसाठी अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालये कर्वेनगरात आहेत. तेथे मुली यंत्रे आणि इमारती यांचा अभ्यास करतात. पण या अभ्यासाची सुरुवात बालवाडीतही होऊ शकते.

समजा, आपण कर्वेनगरातील एखाद्या बालवाडीत गेलो आहोत. एका कोपऱ्यात लाकडी ठोकळे आणि रिकामी खोकी आहेत. दुसऱ्या कोपऱ्यात ओली माती आणि छोटी थापी आहे. चार वर्षांची एक मुलगी मनोरा रचत आहे. चार ठोकळे चढतात, पाचवा ठेवताच मनोरा धाडकन कोसळतो. मुलगी रडकुंडीला येते. ताई जवळ बसतात, पण मनोरा रचून देत नाहीत. त्या विचारतात, “सगळ्यांत खाली कोणता ठोकळा ठेवला होतास ग?” मुलगी पाहते. खाली लहान ठोकळा होता आणि वर मोठे! ती मोठा ठोकळा खाली ठेवते. आता मनोरा उभा राहतो. पाया रुंद हवा, हे तिला कोणी सांगितले नाही. तिच्या हातांनीच तिला ते शिकवले.

पलीकडे ताईंच्या देखरेखीखाली मुले मऊ लाकडात खिळे ठोकत आहेत. ती मुलगी तेथे येऊन हातोडी मागते. एक मुलगा म्हणतो, “हे मुलींचे काम नाही.” ताई हसून म्हणतात, “हातोडीला ते कुठे ठाऊक आहे?” मुलगा थोडा लाजतो आणि हातोडी पुढे करतो.

अशा शिक्षणाची कल्पना नवी नाही. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला ‘बालकांची बाग’ असे नाव दिले. त्यांनी मुलांसाठी लाकडी चेंडू व ठोकळे तयार केले. १९०७ साली मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये बालगृह सुरू केले. मात्र त्यांची साधने महाग होती. गरिबांच्या मुलांनी काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिले. १९४५ साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. शिंपले, बिया, खडे, काड्या आणि माती हीच तेथील शिक्षणाची साधने झाली. मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली.

काही पालक विचारतात, “खेळण्यात वेळ का घालवायचा?” पण माती मळणारी बोटेच पुढे पेन्सिल नीट धरतात. ठोकळे मोजताना गणित येते. हातोडीसाठी थांबताना संयम येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

शिवाय, ज्याने स्वतः मनोरा रचला, त्याला गवंड्याच्या श्रमाची किंमत कळते. तुमच्या घरी धाकटे भावंड असेल, तर त्याला रिकामी खोकी द्या. मनोरा कोसळला तर घाईने रचून देऊ नका. त्याला पुन्हा रचू द्या.

शब्दार्थ
थापी – गवंड्याचे एक अवजार
मनोरा – उंच बुरूज
रडकुंडीला येणे – रडू येण्याच्या बेतात असणे
संयम – धीर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) कर्वेनगरचे जुने नाव काय होते?
(आ) कोसबाडला शिक्षणाची साधने कोणती होती?
२. ताईंनी मनोरा स्वतः का रचून दिला नाही? तुमचे मत लिहा.
३. इमारत, अवजार, कारागीर हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.