रुग्णशय्येवरील पहारा

शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तुकडीस मराठीत 'कंपू' म्हणत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कंपू हा आज मात्र जयारोग्य रुग्णालय व १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे परिचित आहे. पहारा तेथे अद्यापही चालतो. तो परिचारिकांचा असतो.

रोग्याची प्रकृती एकाएकी ढासळली, असे आपण म्हणतो. वस्तुतः बहुधा तसे नसते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांपैकी ५४ जणांत त्यापूर्वीच्या आठ तासांत बिघाडाच्या खुणा नोंदलेल्या आढळल्या. म्हणजे सूचना मिळाली होती. ती ओळखून वेळीच हाक मारणे, हाच खरा प्रश्न.

या खुणांत श्वासाचे महत्त्व फार. विश्रांत प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. शरीरास प्राणवायू अपुरा पडला किंवा रक्तातील आम्लता वाढली, की मेंदू श्वासाची गती वाढवितो. पुष्कळदा रक्तदाब उतरण्याच्या आधीच. हा मोजण्यास घड्याळाखेरीज काही लागत नाही आणि कदाचित म्हणूनच त्याची हेळसांड होते. अंदाजाने आकडा लिहिणे म्हणजे न मापलेल्या धान्याची पावती देणे होय!

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली अशा नोंदींना गुण देणारा तक्ता सिद्ध केला. श्वास २८, नाडी १२०, वरचा रक्तदाब ९५, बाकी सर्व ठीक, असे असता गुण सात होतात. सात म्हणजे तातडीचे साहाय्य. नवख्या परिचारिकेस मध्यरात्री ज्येष्ठ डॉक्टरांना उठविताना संकोच वाटतो. हे आकडे हाती असले की तिचा आवाज कापत नाही.

परंतु आकड्यांत न सापडणारेही काही असते. सिडनीजवळच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० च्या सुमारास तातडीचे पथक निघाले. त्यास बोलाविण्याच्या कारणांत रुग्णाविषयी परिचारिकेस वाटणारी गंभीर काळजी, एवढेही कारण मान्य होते. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. हाक व्यर्थ ठरली तरी कोणी रागावणार नाही, ही खात्री नसेल तर धीर यावा कोठून?

श्वास मोजतो आहोत, हे मात्र रुग्णास सांगावयाचे नसते. सांगताच त्याची गती बदलते. म्हणून परिचारिका मनगटावर बोटे तशीच ठेवते, जणू नाडीच पाहत आहे, आणि दृष्टी छातीवर ठेवून पुरते एक मिनिट मोजते.