भंडाऱ्याचं पीठ

चि. सईस,


जेजुरीच्या सोमवतीचे तू पाठवलेले बत्तीस फोटो पाहिले. कॅमेरा हातात बसलाय तुझ्या. पण सगळे ब्लॅक अँड व्हाइट का गं? भंडारा उधळलाय आणि दिसतोय गिरणीतल्या पिठासारखा. फोनवर म्हणालीस, "मामा, डॉक्युमेंटरी वाटायला हवं ना."

या 'वाटायला'चीच मला धास्ती आहे. आमच्या वेळी पेपर काळापांढरा छापला जाई, रोल आम्हीच डार्करूममध्ये धुवायचो आणि ट्यूबलाइटखाली रंगीत फिल्म हिरवट यायची. म्हणून आम्ही ब्लॅक अँड व्हाइट काढत होतो. त्याला गांभीर्य चिकटलं ते मागाहून.

भोपाळ घे. डिसेंबर १९८४. वायूने मेलेल्या एका अनोळखी बाळाचं दफन रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपलं. रायांचा फोटो कृष्णधवल, पाब्लोंचा रंगीत. त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान रंगीत फोटोला मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून निवांत बघ. रायांच्या फोटोतलं बाळ कुणाचंही असू शकतं, तुझं-माझंसुद्धा. पाब्लोंच्या फोटोत मात्र ते त्या मातीतलं, ते एकच बाळ राहतं. मला कुठला जास्त लागतो, ते इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. रंगाने दुःख भडक होतं असं कुणी म्हणालं, की मी पाब्लोंचा फोटो पुढे करतो.

छायाचित्रकार मेरी एलन मार्कचं बहुतेक काम ब्लॅक अँड व्हाइट. आपल्याकडच्या सर्कशींवरचं पुस्तकही तसंच. पण मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या बायकांचे फोटो तिने रंगीत काढले. १९८१ साली पुस्तक निघालं. तिथल्या रंगवलेल्या भिंती, पडदे, भडक कपडे, ओठांची लाली हे सगळं गिऱ्हाइकासाठीच तर मांडलेलं. रंग काढून घेतला तर तो धंदाच दिसेनासा होतो. जेजुरीत हळदीचं तेच आहे. तिथे पिवळा म्हणजे सजावट नव्हे, बातमीच ती.

तुझा सतरा नंबरचा फोटो मात्र मला आवडला. पायरीवर टेकलेला म्हातारा, सुरकुत्यांवर तिरका उजेड. इथे रंग नाही तेच बरं. पण खरं सांग, मागे निळी ताडपत्री होती ना? ती खुपत होती म्हणून रंग काढलास. दोन पावलं डावीकडे सरकली असतीस तर ताडपत्री त्याच्या पाठीआड गेली असती.

मूळ रंगीत फायली पुसल्या नाहीस ना? बत्तीसच्या बत्तीस पाठव. ताईला सांग, गुडघा बरा आहे.

तुझा
मामा