चार आण्यांचं विमान

तुम्ही तिघं मिळून सेसना १७२ घेताय, लिव्हरमोरला टाय-डाउनची जागाही बघून ठेवलीय आणि वकिलाचा आकडा ऐकून करारनामा मात्र ‘नंतर बघू’वर टाकलाय, हे ताईकडून कळलं. मी तुझा मामा. कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षं दोन वेगवेगळ्या सामाईक विमानांतून उडालोय आणि त्याआधी तासगावच्या मळ्यात सामाईक विहिरीचं पाणी पाजलंय. विहिरीनं मला जास्त शिकवलं.

त्या विहिरीत चार भावांचे चार-चार आणे होते. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, त्यावरून कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते मोटार जळाली तेव्हा. ज्याच्या पाळीत जळाली त्यानं भरायचं की चौघांनी, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मोटार दुरुस्त व्हायला उन्हाळा गेला आणि ऊस वाळला. विमानाचंही तसंच आहे. उडायच्या वेळा लोक हौसेनं ठरवतात, पण बिघाड झाला तर पैसे कोण देणार, हे विचारायला लाजतात.

वकिलाकडून करारनामा लिहून घेऊ नका, लिहिलेला वाचून घ्या. एओपीए ही वैमानिकांची संघटना सभासदांना सहमालकीच्या कराराचा नमुना देते. तो घ्या, एका शनिवारी तिघं बसा आणि प्रत्येक कलम तुमच्या साध्या वाक्यात उतरवा. ज्या वाक्यावर दोघांचे दोन अर्थ निघतात तिथे खूण करा. वकिलाकडे तेवढ्या खुणा घेऊन जा आणि दोन-तीन तासांचे पैसे द्या. वकील मात्र विमानांच्या मालकीची कामं करणारा हवा, घरखरेदीवाला नको.

का, ते तुमच्याच उदाहरणावरून सांगतो. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुझा मित्र अमेरिकन नागरिक आहे आणि तिसरा अजून एच-वन-बीवर रांगेत उभा आहे. विमानाची नोंदणी ओक्लाहोमा सिटीत एफएएकडे होते. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या नावावर ती होते, एच-वन-बीवाल्याच्या होत नाही. दुसरी मेख आणखी बारीक आहे. तू आणि तुझा मित्र ‘सहमालक’ म्हणून नोंदवू शकता. पण कागदावर ‘पार्टनरशिप’ लिहिलंत की सगळे भागीदार नागरिक असावे लागतात आणि तू बाद. एका शब्दानं नोंदणी अडकते. तिसऱ्यासाठी ट्रस्टचा मार्ग आहे, पण त्याचा दर वर्षीचा खर्च तुमच्या बजेटला झेपायचा नाही. त्याचं कार्ड येईपर्यंत तुम्ही दोघंच घ्या आणि त्याला हिस्सा कोणत्या हिशेबानं द्यायचा ते आजच लिहून ठेवा.

एलएलसी काढावी का, असा प्रश्न येईलच. कॅलिफोर्नियात एलएलसीला दर वर्षी किमान ८०० डॉलर कर भरावा लागतो. शिवाय मताधिकाराचा किमान ७५ टक्के हिस्सा नागरिकांकडे असावा लागतो, म्हणजे निम्म्या-निम्म्यात तुम्ही पुन्हा अडकलात. आणि स्वतः उडवताना केलेल्या चुकीपासून ती कुणालाच वाचवत नाही. एका जुन्या १७२ साठी मला तो खर्च पटत नाही. तेच पैसे विम्यात घाला. पॉलिसीवर सगळ्या मालकांची नावं हवीत आणि डिडक्टिबल त्या वेळी उडवणाऱ्यानं भरायचं, हे करारात हवं. कमी तास उडालेल्या वैमानिकामुळे हप्ता वाढला तर वाढीव रक्कम कोणाची? तेही लिहा, लाजू नका.

आता पैसे. खर्चाचे दोन डबे करा. टाय-डाउन, विमा, वार्षिक तपासणी आणि काउंटीचा मालमत्ता कर हे विमान उडो न उडो लागतातच, ते हिश्शाप्रमाणे दर महिन्याला. पेट्रोल, तेल आणि इंजिनाची झीज तासाप्रमाणे. पण तास कुठला? हॉब्स हा मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, जमिनीवर टॅक्सी करताना तो रेंगाळतो. एकाच उड्डाणाचे दोन आकडे येतात. पहिल्या विमानात आम्ही नुसतं ‘तास’ लिहिलं होतं. वर्षभर एक जण हॉब्सनं भरत होता, दुसरा टॅकनं, आणि दोघंही स्वतःला प्रामाणिक समजत होते. होतेही.

१७२ मधल्या लायकॉमिंग इंजिनांची ओव्हरहॉलची शिफारस साधारण २,००० तासांना असते. त्यासाठी दर टॅक तासामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. कुणी हिस्सा विकून गेला तर ती रक्कम त्याच्याबरोबर जाणार नाही, विमानापाशीच राहील. मी याबाबतीत हट्टी आहे. झीज त्यानं केलीय.

दुरुस्तीत भेद करा. उडण्यायोग्यतेची दुरुस्ती असेल तर मतदान नाही, मेकॅनिकनं सांगितलं की करायची. नवा जीपीएस किंवा रंग असेल तर सगळ्यांची संमती हवी. तेल बदलण्यासारखी किरकोळ कामं मालक-वैमानिक स्वतः करू शकतो. ती वाटून घ्या, खर्च पुष्कळ वाचतो, फक्त लॉगबुकात नोंद हवी.

आणि निघून जाण्याचं कलम. सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. माझा पहिला जोडीदार नोकरीसाठी टेक्सासला गेला. पैसे थांबले, पण त्याची सही लागल्याशिवाय विकता येईना. वादापायी आठ महिने विमान उभं राहिलं. या इंजिनांचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि गंज धरतो. इंजिन उघडल्यावर जो खर्च निघाला तो वकिलाच्या बिलापेक्षा किती तरी जास्त होता. म्हणून लिहा: किती दिवस पैसे थकले की उडणं बंद, किती दिवसांनी हिस्सा विकायचा, उरलेल्यांना घ्यायचा पहिला हक्क किती दिवस. कुणी वारला तर वारसाला किंमत मिळेल, किल्ली नाही. दोघांतच अडलं तर आपली जुनी वाटणीची रीत वापरा. एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं उचलायचा. इथे एकानं किंमत सांगायची, त्या किमतीला घ्यायचं की द्यायचं हे दुसरा ठरवेल. मग कुणी भलती किंमत सांगत नाही.

सूनबाईलाही वाचायला दे. तिला न कळलेलं वाक्य वकिलाकडे न्यायच्या खुणांत धर. वकिलानं लाल शाई केलेली प्रत आली की मला पाठव. हॉब्स की टॅक, तेवढं मी आधी बघणार.