पत्र्याच्या डब्यातली कोळशाची खाण



मी इयत्ता सातवीत शिकते. आपले गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. गावाच्या एका अंगाला कोळशाची उघडी खाण आहे. दुपारी सुरुंग उडाला की वर्गाच्या खिडक्या थरथरतात. पण जमिनीखाली कोळसा येतो कोठून, हे आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून गुरुजींनी आम्हाला खाणीचा खेळ शिकविला.

तेलाचा एक मोठा डबा आडवा कापून गुरुजींनी त्याच्या एका टोकाखाली वीट ठेवली व आत थर रचले. सर्वांत खाली चुन्याचे खडे. हा पैनगंगेचा चुनखडक, शंभर कोटी वर्षांहूनही जुना. आपल्या जिल्ह्यात सिमेंट होते ते यापासूनच. त्यावर हिरवट चिकणमाती व तीत लहानमोठे गोटे. याला तालचीर थर म्हणतात. हे गोटे बर्फाने आणलेले आहेत! आपल्याकडे उन्हाळ्यात अंगाची लाही होते, आणि येथे एके काळी हिमनद्या होत्या, यावर माझा तर विश्वासच बसेना. पण इरई गावाजवळ हिमनदीने ओरखडलेला चुनखडक सापडला आहे, असे गुरुजींनी सांगितले.

त्यावर पांढरी वाळू आणि मधे कोळशाच्या भुकटीचा जाड पट्टा. हा बाराकर थर. बर्फ वितळल्यावर येथे दलदली झाल्या व जिभेसारख्या पानांची झाडे वाढली. झाडे पडली, पाण्यात बुडाली, वर गाळ बसला. दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. ही गोष्ट पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीची. आपल्या खोऱ्यात हा कोळशाचा थर कोठे कोठे पंधरा मीटरहून जाड आहे. म्हणजे आपल्या शाळेवर दुसरी शाळा ठेवली तरी बुडून जाईल!

कोळशाच्या वर लालसर वाळू टाकली. हा कामठी वालुकाश्म. अगदी वर काळी माती, तीही सपाट करून. आतले थर तिरपे आहेत हे त्यामुळे वरून कळतच नव्हते. आणि हो, काळा पाषाण या डब्यात नाही. तो लाव्हारसाचा, गाळाचा नव्हे.

आता खेळ. प्रत्येक गटाला ३० चिंचोके भांडवल. नळी खुपसून बोअर घेतले की २ चिंचोके द्यायचे. वरची माती काढायची तर चमच्याला १ चिंचोका. खाणीतले लोक या मातीला ‘ओबी’ म्हणतात. एक चमचा कोळसा मिळाला की ५ चिंचोके मिळायचे.

पहिल्या गटाने बोअर घेतलेच नाही. “कायले पैसे घालवाचे? खोदून पाहू ना,” असे म्हणून ते भलत्याच बाजूला लागले. तेथे कोळसा खोल होता. १८ चमचे माती उपसली तेव्हा २ चमचे कोळसा निघाला. त्यांच्याजवळ २२ चिंचोके उरले.

आमच्या गटाने तीन बोअर घेतले. पहिल्यात कोळसा चार बोटांवर लागला, दुसऱ्यात आठ बोटांवर. मग मधे सहा बोटांवर लागायला हवा ना? तसाच लागला! थर कोणीकडे उतरतो हे कळले. आम्ही उथळ बाजू धरली. १० चमचे मातीत ७ चमचे कोळसा मिळाला व आमचे ४९ चिंचोके झाले. आम्ही टाळ्या वाजवू लागलो.

गुरुजी म्हणाले, “थांबा. खड्डा कोण बुजवणार?” माती परत टाकायचे १० चिंचोके गेले. राहिले ३९. तरीही आम्हीच पुढे होतो.

मग गुरुजींनी डब्याच्या कडेला बोट दाखविले. तेथे त्यांनी लाल वाळूत एक नळी उभी केली होती व सुरुवातीलाच पेलाभर पाणी ओतले होते. ती होती विहीर. आता तीत थेंबही नव्हता. सारे पाणी आमच्या खड्ड्यात झिरपले होते व आम्ही ते चिखल म्हणून फडक्याने टिपून फेकले होते. वालुकाश्माच्या कणांमध्ये पाणी साठते. खाण त्याच्या खाली गेली की पाणी खाणीत उतरते, आणि काम चालावे म्हणून पंपाने बाहेर काढावे लागते.

“या विहिरीचे किती चिंचोके कापायचे?” गुरुजींनी विचारले. आमच्या गटातला एक मुलगा म्हणाला, “पाच.” माझी मैत्रीण रोज दोन गुंड पाणी लांबून आणते. ती म्हणाली, “सगळेच कापा.” बराच वाद झाला. गुरुजींनी फळ्यावर ती जागा कोरीच ठेवली. त्यामुळे खेळ कोणी जिंकला, हे अजून ठरलेले नाही.

घरी हे सांगितले तेव्हा आजोबा गप्पच झाले. आमच्या शेतातल्या विहिरीला पूर्वी उन्हाळ्यातही पाणी असायचे. आता होळीलाच तळ दिसतो. “खाणीनंच नेलं माय पाणी,” असे आजोबा म्हणतात. बाबा म्हणतात, “पाऊसही कमी झाला, अन् बोअर किती झाले गावात!” दोघांचे त्यावरून नेहमी वाजते.

मी गुरुजींना विचारले, की खरे कोणाचे? ते म्हणाले, एका विहिरीवरून सांगता येत नाही. पाणी तर सगळीकडेच उन्हाळ्यात उतरते. खाणीजवळची एक व खाणीपासून लांबची एक अशा दोन विहिरी घ्याव्या. मात्र दोन्ही लाल वालुकाश्मातल्याच हव्या. एक वाळूच्या दगडात व दुसरी काळ्या पाषाणात असली तर तुलना चुकेल.

तेव्हापासून मी व माझी मैत्रीण दर शनिवारी शाळा सुटल्यावर गाठी मारलेला दोर घेऊन जातो. टोकाला दगड बांधला आहे. दोन्ही विहिरींची मापे या भित्तिपत्रकाच्या शेजारी लावलेल्या तक्त्यावर लिहितो. अजून एक वर्षही झालेले नाही.

पालकांनो, आपल्या विहिरीच्या कठड्यावर किंवा पायरीवर जुन्या पाण्याची खूण असेल, किंवा विहीर खणताना पाणी किती हातांवर लागले होते हे घरात कोणाला आठवत असेल, तर कृपा करून तक्त्याखालच्या कोऱ्या कागदावर लिहावे. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.